सासूबाईंचं डे केअर: अकरा महिन्यांनंतर

सासूबाईंना ज्या डे केअरमध्ये पाठवायचं होतं, तिथल्या फॉर्मवरचा तिसराच प्रश्न होता, 'माहेरचं नाव?' मी आडनाव लिहिलं. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी कागद परत माझ्याकडे सरकवला. 'आडनाव नाही हो, लग्नाआधीचं नाव. आणि घरात काय हाक मारायचे तेही.' मी नवऱ्याकडे बघितलं, त्यालाही सांगता येईना. त्यानं तिथूनच नाशिकला बहिणीला फोन लावला, तिनं वाईच्या मामांना लावला, आणि दहा मिनिटांनी कळलं: कुसुम. घरात कुसू. आमच्याकडे त्या गेली ५७ वर्षं सुलभा आहेत. रेशनकार्डावर सुलभा, पासबुकावर सुलभा, दवाखान्यात नंबर पुकारतात तोही सुलभा म्हणूनच, आणि वर्षभर त्या नावाला त्या मान वर करत नव्हत्या. आम्ही कान तपासून आणले होते. कानात काही दोष निघाला नव्हता.

ताई आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, 'कुसू, चहा झाला गं.' आई वळल्या. 'आले,' म्हणाल्या.

मी त्या फॉर्मवरच सही केली. घरी जाऊन विचार करू, असं ठरवून आलो होतो, तो विचार तिथेच संपला.

डिमेन्शियाच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या विस्मरणाच्या आजाराच्या, माणसांसाठी दिवसभराचं केंद्र आहे हे. पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, सोमवार ते शनिवार, दुसरा शनिवार बंद. सोळा जण, त्यांच्यासाठी चार मावशी, एक दादा, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी) आणि स्वतः ताई. त्यांनी वडिलांचं हे दुखणं घरी काढलंय. नाव इथे लिहीत नाही. केंद्राच्या गाडीवरसुद्धा पाटी नाही, कारण तिथल्या काही घरांना शेजारीपाजारी कळू द्यायचं नसतं, आणि मला त्यांचा मान ठेवायचाय. पण असं केंद्र शोधणाऱ्यांना काय बघावं, काय विचारावं, हे कळावं म्हणून सविस्तर लिहितेय. मी शोधत होते तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं.

आधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर आम्हाला या केंद्राचं एवढं का वाटतं ते समजणार नाही.

आईंचं निदान ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. आधी बी-१२, थायरॉइड, एमआरआय. काही वेळा विसरण्याचं कारण त्यातच सापडतं आणि ते बरंही होतं. आमचं तसं निघालं नाही. न्यूरोलॉजिस्टनी प्रश्नोत्तरांची चाचणी घेतली, तीसपैकी सतरा गुण. 'अल्झायमर' म्हणाले, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, गोळी सुरू केली, आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. ते तीन महिने घरात कसे काढायचे, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळ झाली की आईंना वाईला जायचं असतं. त्यांचं माहेर तिथलं, गणपती आळीतलं. पाच-साडेपाचला पदर खोचतात, पिशवी घेतात आणि म्हणतात, 'चला, येते मी. आई वाट बघत असेल.' आमचं घर सिंहगड रोडला. जून २०२३ मध्ये एकदा त्या खरंच गेल्या. मी पतसंस्थेतून येईपर्यंत दार उघडं होतं. दोन तास आम्ही कॅनॉल, देऊळ, भाजी मंडई पालथी घातली. त्या सापडल्या स्वारगेटला, वाईच्या गाडीत, खिडकीशी. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. कंडक्टरनं आधार मागितलं, आईंनी पिशवी उघडून त्याला दाखवली. आत टीव्हीचा रिमोट आणि अर्धी पोळी. त्या भल्या माणसानं गाडी पाच मिनिटं थांबवली, त्यांना हाताला धरून कंट्रोलरकडे नेऊन बसवलं आणि मगच गाडी हलवली. तो कोण होता, मला माहीत नाही. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

मग ब्युरोकडून घरी सांभाळायला येणाऱ्या मावश्या. चौदा महिन्यांत नऊ जणी. बारा तासांचे महिना २४,००० रुपये. त्यातल्या दोघी जीव लावणाऱ्या होत्या, त्यांची आठवण आजही निघते. बाकीच्या न सांगता जायच्या. सकाळी साडेआठला फोन, 'आज येत नाही', आणि मला नऊला निघायचं. एकीनं आईंना ओढणीनं खुर्चीला बांधून ठेवलं होतं. माझी मुलगी क्लासहून लवकर आली म्हणून कळलं. ब्युरोला सांगितलं तर म्हणाले, 'दुसरी पाठवतो.' एवढंच.

आणि घरातली माणसं. नवरा त्यांचा एकुलता मुलगा. आईला आंघोळ घालायची वेळ आली की तो बाहेर जाऊन उभा राहायचा, त्याला ते सोसायचं नाही. मग मी एकटीच. मुलगी बारावीच्या वर्षात आजीजवळ झोपायची, कारण आजी रात्री तीनला उठून कड्या वाजवायची. आई शेजाऱ्यांना सांगायच्या, 'ही बाई मला जेवायला देत नाही, माझ्या पाटल्या हिनं विकल्या.' शेजाऱ्यांना आजार ठाऊक होता, तरी दोघीतिघींच्या नजरा बदलल्या. नाशिकहून नणंदेचा फोन यायचा. फोनवर आई पंधरा मिनिटं अगदी नीट बोलायच्या, जेवलीस का, मुलं कशी आहेत. नणंद म्हणायची, 'अगं, आई तर छान बोलते माझ्याशी.' त्या वाक्यानं मला किती रात्री झोप लागली नाही!

ऑक्टोबर २०२४ मधली एक सकाळ. आई बाथरूमच्या दारात दोन्ही हातांनी चौकट धरून उभ्या. आत जाईनात. मला उशीर झालेला. मी त्यांचा हात ओढला, जोरात. बांगडी फुटली. मनगटावर रक्ताची बारीक रेघ आली आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'बाई, मी काय केलं हो तुमचं?' मी त्या दिवशी कामावर गेले नाही. हात धुऊन हळद लावली, त्यांच्याजवळ बसले, आणि दुपारी फोन घेऊन केंद्रं शोधायला लागले. पुण्यासारख्या शहरात मला जाण्यायेण्याच्या टप्प्यातली तीन सापडली, त्यातल्या दोन ठिकाणी जागा नव्हती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत साठीपुढच्या शंभरात सात-साडेसात जणांना डिमेन्शिया आहे असा अंदाज निघाला, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. आमच्या एका सोसायटीतच मला आता चार घरं माहीत आहेत. आणि केंद्रं बोटांवर मोजण्याइतकी.

ती चौकट. त्याचं कारण मला केंद्रात कळलं, तेही दुसऱ्याच आठवड्यात. थेरपिस्ट मुलगी एकदा घर बघायला आली. हा भाग फीमध्येच धरलेला आहे, वेगळे पैसे नाहीत. ती बाथरूमच्या दाराशी थांबली आणि खाली बघितलं. दाराशी काळं रबरी पायपुसणं होतं. म्हणाली, 'त्यांना हा खड्डा दिसतो.' या आजारात किती खोल आहे याचा, रंगांच्या फरकाचा अंदाज बिघडू शकतो. उजळ फरशीवरचा काळा चौकोन म्हणजे जमिनीला पडलेलं भोक. पाय कोण टाकेल? आम्ही सहा महिने त्याला हट्ट म्हणत होतो. तिनं पायपुसणं उचललं, गुंडाळलं, आणि आईंना हाक मारली. आई सरळ आत गेल्या. मी त्या रिकाम्या फरशीकडे बघत उभी राहिले. कमोडची पांढरी सीट पांढऱ्या टाइल्समध्ये त्यांना दिसतच नव्हती, म्हणून गडद निळी बसवायला सांगितली. साडेचारशे रुपयांची सीट. साड्या ओल्या होणं निम्म्यावर आलं. नऊ मावश्या, चार डॉक्टर आणि आम्ही तिघं, कुणालाच हे दिसलं नव्हतं.

केंद्रातला दिवस साधा असतो. आल्यावर पाणी, मग खुर्च्यांवर बसून हातपाय हलवायचे. वर्तमानपत्रातलं एखादं वाचन. मग हाताचं काम. इथे मला सगळ्यात आवडलं ते हे, की रंगीत ठोकळे आणि लहान मुलांची कोडी कुणापुढे ठेवत नाहीत. ज्यानं आयुष्यभर जे केलं ते देतात. एक निवृत्त कारकून काका आहेत, त्यांना रोज कागदांचा गठ्ठा आणि पंचिंग मशीन मिळतं, ते फायली लावतात. काही बायका मेथी निवडतात, शेंगा सोलतात. आईंना कापूस.

मी एकदा तासभर बसून बघितलं. पाटावर सरकी काढलेला कापूस, शेजारी वाटीत दोन चमचे दूध. आई कापसाचा एवढासा पुंजका घेतात, बोटांनी हलकेच ताणून पसरवतात, जाळी धरल्यासारखा. मध्ये चिमूटभर कापूस ठेवून कडा वर गोळा करतात. मग उजव्या हाताची तीन बोटं दुधात टेकवून वरचं टोक पिळतात, एकदा, दोनदा, आणि टोक अगदी सुईसारखं उभं राहतं. फुलवात खाली ठेवतात, तिचं बूड तळहातानं दाबतात, ती पडत नाही ना बघतात. पुढची. आईंना त्यांच्या नातीचं नाव आठवत नाही, पण पीळ कुठल्या बाजूनं द्यायचा हे बोटांना पक्कं ठाऊक आहे. लहानपणी चातुर्मासात त्यांच्या घरी लाखवाती वळायचे म्हणे, हे मामांनी आत्ता सांगितलं. मोजताना वीसपर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. शेजारची मावशी पुढे मोजत नाही, चुकलं म्हणत नाही. तीही एकपासून म्हणते.

वाती घरी घेऊन येतात. संध्याकाळी मी देवापुढे त्यातलीच लावते आणि त्यांना सांगते की ही तुम्ही वळलेली. कधी ओळखतात, कधी म्हणतात, 'छान वळली आहे, कुणी वळली?'

दुसरी गोष्ट लक्ष देण्याची. मार्चमध्ये एका मंगळवारी ताईंचा फोन आला: 'आज कुसूताई वेगळ्याच आहेत. रोजच्यासारखं विसरणं नाही हे, सकाळपासून भिंतीशी बोलतायत. ताप नाही, पण लघवी तपासून घ्या.' मला वाटलं आजार वाढला. तपासली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी जळजळ, ताप काही न होता नुसता गोंधळ उडतो, हे मला तेव्हा कळलं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि आठवड्यात आई होत्या तशा झाल्या. आम्ही घरी असतो तर 'आता पुढची पायरी आली' म्हणून गप्प बसलो असतो. अल्झायमरची ती डॉनेपेझिलची गोळी आम्ही रात्री द्यायचो; आई भयंकर स्वप्नांनी ओरडत उठायच्या. केंद्रानं डॉक्टरांना हे सांगा म्हणून वहीत लिहून पाठवलं, डॉक्टरांनी गोळी सकाळी दिली, आणि रात्री बऱ्याच शांत झाल्या. स्वतःहून वेळ बदलू नका, विचारूनच बदला. ती वही रोज येते-जाते: किती जेवल्या, शौचाला झाली का, कशाला घाबरल्या, कशाला हसल्या. 'कशाला हसल्या' हा रकाना मी आधी वाचते.

तक्रारीही आहेत आणि त्या मी ताईंना तोंडावर सांगितल्या आहेत.

गाडी. सकाळची वेळ नऊ वीस, आणि पावसाळ्यात ती दहालाही आली आहे. आईंना चप्पल घालून उभं केल्यावर चाळीस मिनिटं थांबवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असं माणूस आहे त्यालाच कळेल. त्या चप्पल काढून आत जातात, मग पुन्हा पहिल्यापासून. ड्रायव्हरनं निघताना फक्त एक फोन करावा, एवढं मागणं होतं. जुलैत सांगितलं, ऑगस्टमध्ये करू लागला, सप्टेंबरात पुन्हा बंद.

जेवण ताजं, पण मऊ खिचडी आठवड्यात चार दिवस. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी ते बरोबर आहे. आईंना तसा त्रास नाही, त्यांना भाकरी लागते. मी आता डब्यात चतकोर भाकरी दुधात कुस्करून देते आणि त्यांनी ते मान्य केलंय.

एप्रिलमध्ये कवळी बदलली. आई घरी आल्या त्या दुसऱ्याच कुणाची कवळी घालून, हिरडी सोलून निघाली होती. मला फार राग आला. ताई स्वतः रात्री आठला आमची कवळी घेऊन आल्या, दंतवैद्याचे पैसे दिले, आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डबा आहे. चूक मोठी होती, पण लपवली नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली: आईंचं चालणं थांबलं, उचलायला दोन माणसं लागू लागली, की त्या इथे राहू शकणार नाहीत. रात्रीची सोय नाही, ताप असेल तर आणायचं नाही. हे ऐकताना वाईट वाटतं. पण मला हे आधी माहीत आहे, म्हणून मी पुढची सोय आत्तापासून बघतेय.

पैशाचं. फी महिना १५,५००, गाडीचे ३,०००. आठवड्यापेक्षा कमी गैरहजेरीचे पैसे परत नाहीत. आमच्या मेडिक्लेमनं हा खर्च धरला नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात ८०डीडीबी या, काही आजारांच्या उपचारखर्चाची वजावट देणाऱ्या कलमाखाली डिमेन्शिया येतो, पण न्यूरोलॉजिस्टचं ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि फक्त जुनी करपद्धत घेतली तर. ज्येष्ठ नागरिकासाठी मर्यादा एक लाख. आमच्या सीएनं औषधं आणि तपासण्या त्यात घेतल्या, केंद्राची फी घेतली नाही. मावशीपेक्षा केंद्र स्वस्त पडतं, हे खरं, पण मी पाच वाजता घरी असायलाच हवं म्हणून साडेचारला निघते आणि त्याचा पगार कापला जातो. तोही खर्च मी यातच धरते.

या फीत आम्हाला काय मिळालं? आईंचा आजार थांबलेला नाही. यावर्षी चाचणीत बारा गुण आले. पण नवरा आता रविवारी त्यांचे केस विंचरतो, तेल लावून. आंघोळ घालणं जमत नाही, हे जमतं. मुलगी रात्रभर झोपते. माझं बीपी उतरलं. मी आईंशी 'अहो आई' म्हणून पुन्हा बोलू लागले, नुसतं 'उठा, चला, बसा' नाही. संध्याकाळी त्या गाडीतून उतरतात तेव्हा मला त्यांची आठवण आलेली असते. दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

नात्यातल्या काहींनी म्हटलं, सुनेला सासू जड झाली म्हणून सोडून येते. नणंदही दुखावली होती. फेब्रुवारीत ती आली, आणि मी तिच्याशी वाद न घालता तिला एक दिवस केंद्रात आईंबरोबर पाठवलं. तशी मुभा आहे तिथे, कुठल्याही नातेवाइकानं यावं, दिवसभर बसावं. अशी मुभा जिथे नाही तिथे आपलं माणूस ठेवू नका, हे मी ठामपणे सांगेन. संध्याकाळी ती गप्प होती. जेवताना म्हणाली, 'तिनं मला दुपारी विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?' मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

आत्ता दिवाळीत केंद्र पाच दिवस बंद होतं. नणंद स्वतःहून म्हणाली, 'मी येते, तुम्ही तिघं कुठेतरी जाऊन या.' आम्ही तीन दिवस हरिहरेश्वरला गेलो, चार वर्षांत पहिल्यांदा. निघताना मी फ्रिजवर यादी लावून गेले, सतरा कलमांची: गोळ्या, भाकरी, निळी सीट, वरची कडी, काळी चप्पल दाराशी नको, 'कुसू' म्हणून हाक मारावी. परत आले तर खाली नणंदेच्या अक्षरात अठरावं कलम होतं: 'साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लावावेत. अंधार दिसला की तिला वाईला जायचं असतं.'